रजेवरच्या बाईंच्या जागी

निवृत्त माणसाला दोन गोष्टी फुकट वाटायची खोड लागते, औषधांची नावं आणि सल्ले. त्यातून ती शाळेतली बाई असेल तर सल्ला देऊन थांबत नाही, तो पाळला की नाही हे तपासायलाही येते. ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाला काय काय कर म्हणून सांगितलं त्याची यादी माझ्या भावाला तोंडपाठ आहे. त्यातल्या एकाच सल्ल्याबद्दल लिहायचं आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या भावजयीला मी बदली शिक्षिका व्हायला सांगितलं.

कायमच्या नोकरीसाठी आपण कुणालाही सहज भरीला घालतो. बँकेची परीक्षा दे, महापालिकेची जाहिरात आलीय, फॉर्म भर. बोलताना जीभ अडखळत नाही. पण सहा महिन्यांनी संपणार हे आधीच ठरलेल्या कामासाठी कुणाला काय म्हणून उत्साह द्यायचा? बदली बाईंची खुर्ची दुसरीची असते, कपाटाची किल्ली दुसरीची, टाचणवहीतलं अक्षरही दुसरीचं. वर्गाच्या फोटोच्या दिवशी त्या शाळेत असतील याची खात्री नाही. पंचवीस वर्षांनी जमणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दहावीच्या वर्गशिक्षिकेचे पाय धरायला रांग लागते. जुलै ते डिसेंबर भूमिती शिकवून गेलेल्या बाईंचं नाव कुणाला आठवत नाही. ‘त्या नव्हत्या का, मध्येच आलेल्या,’ एवढ्यावर विषय संपतो.

तरी त्यांच्यावाचून शाळेचं पान हलत नाही. शिक्षिका बाळंतपणासाठी सुट्टीवर जाते ती सहा महिने. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. झाली ते उत्तमच झालं, पण सव्वीस आठवडे म्हणजे शाळेचं निदान एक सत्र. त्याखेरीज कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचे वडील दवाखान्यात. मग सरकारी कामं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायला मनाई केली आहे, पण दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका यांना त्यातून सूट आहे. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. मे महिन्यात मुलं निदान सुट्टीवर होती. नोव्हेंबरातल्या तयारीनं मात्र भरल्या सत्रातले तास खाल्ले. शिक्षक नसलेला तास शाळेत ‘ऑफ’ म्हणून ओळखला जातो. त्या तासाला जी बाई रिकामी सापडेल तिला वर्गावर पाठवतात. भूगोलाच्या बाई बीजगणिताच्या तासाला येऊन बसतात आणि म्हणतात, आपापलं काहीतरी लिहीत बसा. मुलं आपापलं काहीतरी करतात, लिहीत मात्र नाहीत. असा तास महिन्यातून एखादा असेल तर मजेचा असतो. रोज असला तर वर्गाला न शिकण्याची सवय लागते, आणि ती मोडायला परत आलेल्या बाईंना पुढचं अख्खं सत्र लागतं.

म्हणून जून उजाडला की मुख्याध्यापिकांचे फोन आमच्यासारख्या निवृत्त बायकांना येतात. मॅडम, ओळखीत कुणी आहे का? डोंबिवली-कल्याणकडच्या बऱ्याच शाळांत बदली शिक्षक मिळतो तो असाच, ओळखीतून. जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मुलाखती घेऊन माणूस नेमेपर्यंत रजेवरच्या बाई बाळाला घेऊन परत यायच्या.

भावजयीबद्दल आता सांगते. तिनं रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काही वर्षं नोकरी केली. येणाऱ्या मालाचे नमुने तपासायचे, नोंदी ठेवायच्या, एखादी बॅच चुकली तर तसं लिहून द्यायचं. लग्न ठरलं तेव्हा पाळीची नोकरी जमणार नाही म्हणून ती सोडली आणि बी.एड. केलं. तेव्हा ते एका वर्षाचं होतं. प्रमाणपत्र हातात आलं आणि पाठोपाठ पहिली मुलगी झाली. मग दुसरी. मग आमच्या आईचं दुखणं. ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या शालूखाली कपाटात राहिलं. आम्ही कुणीच त्याबद्दल कधी बोललो नाही, इतकं ते स्वाभाविक वाटत होतं.

तिला शिकवता येतं हे मला कळलं ते एका भीतीच्या दिवशी. २६ मे २०१६ रोजी सकाळी एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेस या कंपनीत स्फोट झाला. कित्येक किलोमीटरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. भावाच्या घराच्याही दोन तावदानांचा चुरा झाला. आई एकटी घाबरली असेल म्हणून मी ठाण्याहून निघाले. पोचले तेव्हा इमारतीतली पाचसात मुलं जिन्यात गोळा होऊन बसली होती आणि भावजय त्यांच्यामध्ये. मे महिना, शाळांना सुट्टी, आईबाप कामावर. कुणीतरी विचारत होतं, काकू, कंपनी फुटते कशी? मोठी माणसं अशा वेळी ‘काही नाही रे, झालं ते’ असं म्हणून गप्प बसवतात. ही म्हणाली, ‘कुकरची शिट्टी का होते, सांगा बरं.’ मग दाब म्हणजे काय, शिट्टी अडकली तर काय होतं, कारखान्यातली रिअ‍ॅक्टर नावाची भांडी किती मोठी असतात, त्यांना कुठे कुठे झडपा असतात आणि त्या तपासायच्या कुणी, असं एकातून एक निघत गेलं. एक मुलगी चुकीचं उत्तर देऊन थांबली, तर हिनं ते खोडलं नाही. ‘तसं असतं तर काय झालं असतं?’ असं विचारून तिचं तिलाच दुरुस्त करू दिलं.

हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवून येत नाही. मी वर्षानुवर्षं बी.एड.च्या विद्यार्थिनींचे पाठ पाहिले. मूल चुकलं की बहुतेकींच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द आपोआप बाहेर पडतो. तो गिळणं ही निम्मी शिक्षकी आहे. त्या दिवशी मी काही बोलले नाही. ती वेळही नव्हती. त्या स्फोटात माणसं गेली होती. पण गोष्ट मनात राहिली. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला, पुन्हा काचा फुटल्या, पुन्हा मुलं जिन्यात जमली. पहिल्या वेळची मुलं एव्हाना कॉलेजात गेली होती, ही नवी होती. भावजय तीच होती. तेव्हा मी ठरवलं की आता हिला सांगायचं.

जून २०२५ मध्ये संधी आली. ओळखीच्या एका मुख्याध्यापिकांना नववी-दहावीला विज्ञान शिकवायला कुणीतरी हवं होतं, डिसेंबरपर्यंत. शिक्षक पात्रता परीक्षेची, म्हणजे टीईटीची अट पहिली ते आठवीसाठी असते. इथे बीएस्सी, बी.एड. पुरेसं होतं. शाळा शेअर रिक्षानं दहा मिनिटांवर. लोकलचा प्रवास नाही, आणि डोंबिवलीच्या बाईला हा एक मुद्दाच अर्ध्या पगाराइतका असतो.

पगाराचं मात्र मी तिला सगळ्यांत आधी सांगितलं. आकडा ऐकून ती हसली. म्हणाली, ‘ताई, आपल्या पोळीवाल्या मावशी चार घरचं करून याहून जास्त घेतात.’ मी म्हटलं, खरं आहे. ती म्हणाली, ‘मग तुम्ही मला कशाला सांगताय?’

या प्रश्नाचं तयार उत्तर आपल्याकडे आहे. शिक्षकी हा पेशा नाही, व्रत आहे. राष्ट्र घडवण्याचं काम आहे. ज्ञानदान हे श्रेष्ठ दान. पाच सप्टेंबरला ही वाक्यं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेली मी आयुष्यभर वाचली आणि त्याच फळ्याखाली बसून कमी पगाराच्या पावतीवर सही करणाऱ्या मुलीही पाहिल्या. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं ठोक रकमेवर काम करायचं, मग वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला तेव्हा महिन्याला ३,००० रुपये मिळत. ती रक्कम वाढत वाढत २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाली. त्याच वर्षी जुलैत जिल्हा परिषदेच्या शाळांत रिकाम्या जागांवर सत्तरीपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर नेमायची मुभा शासनानं दिली. नियमित भरती पवित्र पोर्टलवरून व्हायची, आणि त्यासाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर झाली ती थेट २०२३ मध्ये. एवढ्या वर्षांत डी.एड., बी.एड. झालेली मुलं काय करत होती? क्लासेसमध्ये शिकवत होती, तासिका तत्त्वावर राबत होती, कुणाच्या तरी रजेच्या जागी उभी राहत होती. पेशाची थोरवी त्यांना सगळ्यांनी सांगितली. आकडा मात्र त्यांचा त्यांनाच पहिल्या महिन्याअखेरीस कळला.

म्हणून माझं असं मत झालं आहे की शिकवायला ये, असं कुणाला म्हणणाऱ्यानं आधी पगार सांगावा, मग अडचणी सांगाव्यात, आणि थोरवी अगदी शेवटी, उरलीच तर. थोरवी आधी सांगितली की पुढचा माणूस पगार विचारायला लाजतो. ती लाज कुणाच्या पथ्यावर पडते हे वेगळं सांगायला नको.

भावजयीला मी खरं तेच सांगितलं. ‘कारण तुला येतं. जिन्यात बसून करतेस ते वर्गात केलंस तर चाळीस मुलांना मिळेल. पैसे कमी आहेत, काम जास्त आहे, आणि डिसेंबरात ते संपेल.’

तिनं उत्तरासाठी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, ‘डिसेंबरात नक्की संपतं ना? मग जाते.’

मला वाटलं होतं, काम संपण्याची अट तिला टोचेल. तिला तीच हवी होती. पंधरा-सोळा वर्षं घराबाहेर काम न केलेल्या बाईला कायमच्या नोकरीची भीती वाटते. जमलं नाही तर राजीनामा द्यावा लागेल, लोक विचारतील. सहा महिन्यांचं काम आपोआप संपतं. त्यात हरणं नसतं. शाळेच्या लेखी ती फट बुजवायला घेतलेली बाई होती, पण तिच्या लेखी ते घरातून बाहेर पडायचं असं एक दार होतं, जे पुन्हा आपोआप बंद होणार होतं, आणि म्हणूनच ते उघडायचा धीर झाला.

तिनं एक टोमणाही मारला. ‘जाते, पण ताई, तुम्ही माझ्या गोपाळराव होऊ नका.’

कल्याण-डोंबिवलीच्या बाईनं हे म्हणावं यात औचित्य आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्याच, जन्म ३१ मार्च १८६५, माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते टपाल खात्यात कारकून असलेल्या, वयानं कितीतरी मोठ्या गोपाळरावांशी. बायकोनं शिकलं पाहिजे हा त्यांचा ध्यास. त्या ध्यासाचं आपण कौतुक करतो आणि करावंच. त्याच्याविना १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली नसती. पण अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेला लाकडाचा मार, अंगावर भिरकावलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं वयाच्या हिशेबासह मांडून ठेवलं आहे. शिकवणाऱ्याला शिकणारीचं भविष्य दिसत होतं, समोरची दहा वर्षांची पोर दिसत नव्हती. पदवी घेऊन त्या परतल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही ठरली होती, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

प्रोत्साहनात धाक सहज मिसळतो. माझ्या पिढीच्या बायकांच्या बाबतीत तो मायेच्या सुरात येतो. एवढं शिकलीस, ते वाया घालवणार का? आमच्या वेळी आम्ही कसं केलं? या वाक्यांनी खुर्ची फेकली जात नाही, पण वळ उठतो. भावजयीनं तो टोमणा मारल्यावर ही दोन्ही वाक्यं मी वर्ज्य करून टाकली.

मग माझ्या हातात राहिलं काय? त्याचं उत्तर ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात मिळतं. तिथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन यायच्या आणि पाटीवर आपलं नाव गिरवायच्या. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं झळकली. फोटोत न दिसणारी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शाळेची वेळ दुपारची होती, घरचं आणि शेतावरचं काम उरकल्यानंतरची. आणि शिकवायला नेमली होती गावातलीच एक सून, तिच्या वर्गात तिची स्वतःची सासूही बसायची. ती सून पगारी शिक्षिका नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं असेल की तुला जमेल. पण नुसतं सांगून भागलं नसतं. दुपारची ती वेळ धरली गेली, जागा मिळाली, पाटी-दप्तरं आली, सासू स्वतःच विद्यार्थिनी झाली म्हणून घरातून आडकाठीही उरली नाही. बोलण्यापेक्षा ही जुळवाजुळव मोठी होती.

आमच्याकडे जुळवाजुळव लागत होती ती आईच्या इन्सुलिनची. शाळा दुपारच्या सत्राची, भावजयीला बाराला निघावं लागायचं आणि आईचं जेवण साडेबाराचं. मंगळवार-गुरुवार मी जाईन असं ठरलं, इतर दिवस मोठ्या भाचीनं कॉलेजातून लवकर यायचं. ज्यांच्या पोळ्यांवरून आमचा पगाराचा हिशेब झाला होता त्या पोळीवाल्या मावशींनी अकराच्या ऐवजी दहाला यायचं कबूल केलं, दरमहा थोडे पैसे वाढवून. भावानं स्वतःचा डबा स्वतः भरायला सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात रोज चमचा विसरला. सकाळी अकराच्या सुमाराला ठाण्याहून डोंबिवलीकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत निवांत खिडकी मिळते. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. समोरून येणारी गाडी दारात लटकलेल्या माणसांनी भरलेली. अख्खी डोंबिवली मुंबईला कामाला जात असताना मी डोंबिवलीतल्या एका बाईला कामावर पाठवायला उलट्या दिशेनं चालले आहे, याची मला त्या खिडकीत बसून गंमत वाटायची.

रुजू होण्याआधी तिला मी तीन प्रश्न लिहून दिले होते. नेमणुकीचं पत्र लेखी मिळेल का आणि त्यावर शेवटची तारीख असेल का? मध्येच थांबवायचं झालं तर नोटीस किती? आणि दिवाळीच्या सुट्टीचा पगार धरला आहे का? खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९८१ च्या नियमावलीत ठरावीक मुदतीच्या रिकाम्या जागेवर नेमलेल्या माणसाला तात्पुरता कर्मचारी म्हणतात आणि त्याला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. हे नियम पाठ असणाऱ्या बदली बाई मी फार पाहिल्या नाहीत. आपण चार दिवसांचे पाहुणे, नियम कशाला विचारायचे, असंच त्यांना वाटतं. तिसऱ्या प्रश्नावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीत तशी शाळा नसतेच. भावजय म्हणाली, ‘मग प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका मी कुठल्या दिवसांत तपासायच्या?’ प्रयोगशाळेत बॅच नापास करणारी बाई ती. सुट्टीचा पगार धरला गेला.

पहिल्या आठवड्यात मुलांनी तिला द्यायचा तेवढा त्रास दिला. ‘आमच्या मिस असं नाही शिकवत.’ ‘आमच्या मिसनी सांगितलंय, हे परीक्षेला येणार नाही.’ नसलेल्या बाईंचा वर्गात केवढा वावर असतो हे बदलीवर गेल्याशिवाय कळत नाही. कायमची शिक्षिका मुलांशी झगडते, बदली शिक्षिका मुलांच्या आठवणीशी. भावजयीनं यावर एक साधा उपाय काढला. तिनं रजेवरच्या बाईंना फोन केला. पलीकडे महिन्याभराचं बाळ रडत होतं आणि त्या बाई एका हातानं झोळी हलवत सांगत होत्या, मागच्या बाकावरचा अमुक फळा दिसत नसूनही चष्मा घालत नाही, त्याला न बोलता पुढे बसव; तमकीला उभं करून विचारू नको, वहीत मात्र सगळं बरोबर असतं. दुसऱ्या दिवशी हिनं वर्गात सांगितलं, ‘तुमच्या मिसशी बोलले मी. मुलगी झालीय त्यांना.’ एका वाक्यात ती परकी राहिली नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी हा फोन होत राहिला. वर्ग एकीकडून दुसरीकडे आणि परत पहिलीकडे नीट पोचवायचा, यासाठी दोघींमध्ये अशी देवघेव लागते. कुठल्याही परिपत्रकात ती लिहिलेली नसते.

आम्ल-आम्लारीचा धडा तिनं लिंबू, कोकम आणि धुण्याच्या सोड्यावर लिटमस लावून सुरू केला. तोवर सगळं पुस्तकातलं. मग एका मुलानं विचारलं, मिस, आपल्याकडे रस्ता गुलाबी झाला होता तो कशानं? फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता रसायनानं खरोखरच गुलाबी झाला होता, तेव्हाचे मुख्यमंत्री पाहायला आले होते. ही मुलं त्या वेळी तिसरी-चौथीत. काहींनी तो आईबापांच्या स्कूटरवरून पाहिला होता. भावजयीनं त्यांना त्याही आधीची, जानेवारी २०१४ मधल्या हिरव्या पावसाची गोष्ट सांगितली. पाऊस ढगातून हिरवा पडत नाही. हवेत किंवा जमिनीवर रंगाची भुकटी असेल तर पाणी तिला घेऊन वाहतं. मग नमुना कसा घ्यायचा, बाटली आधी कशी धुवायची, तारीख आणि ठिकाण का लिहायचं, आणि माहीत नसेल तर अहवालात ‘माहीत नाही’ असं का लिहायचं. गावच्या गटाराच्या रंगावरून गावातल्या मुलांना विज्ञान शिकवायचं, तर त्या गटाराच्या वरच्या अंगाला नोकरी केलेली बाई वर्गात असावी, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तिचा बायोडाटा वाचणाऱ्याला मधली पंधरा वर्षं कोरी दिसली असती. मुलांना त्याच्या आधीची प्रयोगशाळेतली वर्षं उपयोगी पडली.

बदली शिक्षकाचा हा एक फायदा आहे असं मला वाटतं. तो शाळेबाहेरचं काहीतरी आत घेऊन येतो. आम्ही कायमच्या बायका तीस वर्षं एकाच इमारतीत, एकाच घंटेवर जगतो. आमचं ज्ञान पक्कं असतं, पण हवा कोंडते. एमआयडीसीत काम केलेली बाई, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दवाखान्यातून थोडी मोकळीक घेतलेली परिचारिका, यांच्यापैकी ज्यांच्याकडे पात्रता आहे त्यांनी चार-सहा महिने वर्ग घेतले, तर मुलांना कळतं की पुस्तकातल्या गोष्टी बाहेर कुणीतरी रोज वापरतं. मात्र त्यासाठी त्यांना सन्मानानं पैसे मिळाले पाहिजेत. नाहीतर येतील ते फक्त नाइलाजानं येणारे.

डिसेंबरात रजेवरच्या बाई परत आल्या. भावजयीनं दोन दिवस त्यांच्याबरोबर वर्गात बसून सगळं सुपूर्द केलं: कुठला धडा झाला, कुणाच्या वह्या तपासायच्या राहिल्या, कोण आता चष्मा घालतो. मुलांनी तिला पेन दिलं. मग ती घरी आली आणि तिला चैन पडेना, पण मी काही म्हणाले नाही. वर्ज्य केलेल्या वाक्यांची जिभेवर नुसती दाटी झाली होती. जानेवारीत दुसऱ्या एका शाळेतून विचारणा झाली, दोनच महिन्यांसाठी. या वेळी मला तिचा फोन आला तो सगळं ठरल्यावर.

मध्यंतरी त्यांच्याच इमारतीतल्या एक बाई तिला भेटायला आल्या. बी.ए., बी.एड., नवऱ्याच्या बदल्यांमागे गावं फिरून डोंबिवलीत स्थिरावलेल्या. मी तिथेच आईजवळ बसले होते. भावजयीनं त्यांना सरळ आकडा सांगितला. मग माझे तीन प्रश्न सांगितले आणि त्याला स्वतःचा चौथा जोडला: रजेवर जाणाऱ्या बाईंचा फोन नंबर मागून घ्या, तो दिला नाही तर विचार करा. पेशाच्या थोरवीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. त्या बाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन विचारलं, ‘पण मुलं ऐकतात का हो?’ तेव्हा भावजय जी बोलायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. गुलाबी रस्ता, चष्मा, लिटमस, ते पेन, सगळं झालं. त्या बाई पुन्हा आत येऊन बसल्या. मला वाटतं, पगाराचा आकडा आधीच समोर ठेवलेला असल्यामुळे त्यानंतरच्या अर्ध्या तासावर त्यांचा विश्वास बसला.